गणपतीच्या खोक्यावरचा शब्द

रोह्याच्या शाळेत मी नोकरीभर इंग्रजी शिकवलं, ते मराठी मुलांना, मराठीतून. हिंदीतून इंग्रजी शिकवायची वेळ माझ्यावर निवृत्तीनंतर आली, आणि तीही शाळेत नाही, तर जोह्याला, माझ्या बहिणीच्या गणपतीच्या कारखान्यात.

ताई लग्न होऊन जोह्याला गेली तेव्हा तिच्या सासरी पडवीत मूर्ती व्हायच्या. आता भातशेताच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड आहे. माती, साचे आणि गिऱ्हाइकं भाऊजी बघतात. रंगकाम आणि माणसं ताईच्या ताब्यात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती सगळ्यांत आधी तयार कराव्या लागतात, कारण त्या बोटीने जातात. होळी झाली की त्यांची बांधाबांध सुरू होते. हे काम बरीच वर्षं उत्तर प्रदेशातले दोन सख्खे भाऊ करतात. थोरला उंचापुरा, मिशीवाला. शेडच्या या टोकाला बोलला की त्या टोकाच्या मूर्तीला ऐकू जावं असा आवाज. धाकटा हसरा, पण बोलायच्या बाबतीत भावावर सोपवून मोकळा झालेला. त्या वर्षी धाकट्याने बायकोलाही बरोबर आणलं होतं. तिचे दिवस भरत आले होते, गावी सासू राहिली नव्हती, जाऊ तर नव्हतीच, आणि तिला एकटीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा प्रश्न होता.

आदल्या वर्षी एक गोंधळ झाला होता. खोक्यांवर चिकटवायच्या इंग्रजी पट्ट्या दोघा भावांनी अगदी मनापासून लावल्या होत्या, पण शोभेच्या लावाव्यात तशा. बाणाची पट्टी काही खोक्यांवर उलटी गेली, काचेच्या ग्लासाचं चित्र असलेली काहींच्या बुडाला. ते गणपती डोक्यावर उभे राहून समुद्रापार गेले. बहुतेक धड पोचले, पण तिकडून आलेले फोटो बघून भाऊजींची झोप उडाली.

म्हणून ताईचा फोन आला. चार दिवस ये आणि माझ्या माणसांना त्या पट्ट्या वाचायला शिकव, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मला हिंदी कुठे येतं. त्यावर ती म्हणाली, "ये गो. घरात बसून तरी काय करतेस?"

हा प्रश्न मला लागला. निवृत्त झाल्यापासून सकाळ सरता सरत नव्हती. यजमानांना वर्तमानपत्र पुरत होतं, मला काहीच पुरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रोह्याहून गाडी धरली. कासू गेलं, पेण आलं, तिथून जोह्याची एसटी. बॅगेत खडूचा डबा टाकला होता. फळा असेल की नाही हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

फळा नव्हता. जेवणं झाल्यावर शेडमध्ये वर्ग भरला. चहूकडे अजून रंग न लागलेले पांढरे गणपती रांगेने बसलेले, त्यांच्यासमोर पेंढ्याच्या भाऱ्यांवर दोन भाऊ, आणि रंगाच्या रिकाम्या ड्रमवर मी. धाकट्याची बायको, शेडमध्ये सगळ्यांची वहिनी, पुठ्ठ्यांच्या चळतीआड, डोक्यावरून नाकापर्यंत पदर ओढून, पेंढ्याच्या गाद्या वळत होती. त्यांच्यात थोरल्या दिरासमोर धाकटी भावजय तोंड उघडं टाकत नाही आणि दोघं एकमेकांशी सरळ बोलतही नाहीत. काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं. म्हणजे तिने खांबाकडे बघत म्हणायचं, की जेवण वाढलंय, कुणीतरी भइयांना सांगा. आणि त्याने, बाजूला कुणी नसलं तरी, आढ्याकडे बघून म्हणायचं, की हात धुतो आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं हे भांडलेत. ताईने समजावलं तेव्हा कळलं, हा मान आहे.

माझं हिंदी म्हणजे पंधरा ऑगस्टच्या भाषणातलं अर्धं आणि बाजारातलं अर्धं. तरी बाणाची पट्टी सहज शिकवून झाली. 'धिस साइड अप', ही बाजू वर. थोरल्याने एक खोका उलटा-सुलटा करून दाखवला आणि आदल्या वर्षी देवाला डोक्यावर उभं केल्याबद्दल कान धरले.

दुसरी पट्टी मात्र अडली. थोरल्याला अक्षरं येत होती. त्याने ती जोडून 'फ्रागिले' असं वाचलं. मी 'फ्रॅजाइल' म्हणून घेतलं आणि अर्थ सांगितला, नाज़ुक.

तो हसायला लागला. नाज़ुक म्हणजे गाण्यातली कलाई, नाज़ुक म्हणजे कमर. मग त्याचं हसू थांबलं आणि त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "ये भगवान के डिब्बे पर लिखा है?"

मी हो म्हटलं. तो उठून उभाच राहिला. जो सगळ्यांची विघ्नं दूर करतो त्याला नाज़ुक म्हणायचं, म्हणजे त्याला कमज़ोर म्हणायचं, आणि ते आपल्या हाताने चिकटवायचं, हे आपल्याकडून होणार नाही, असं त्याने जाहीर केलं. आदल्या वर्षी न कळता लावलं ते देव माफ करील. आता कळल्यावर कसं लावायचं?

मुलांना शब्द अडला की मी आजवर दुसरा शब्द द्यायची. इथे तसं चालेना. काच फ्रॅजाइल असते, असं मी म्हटलं. तो म्हणाला, काच कमज़ोरच असते. ताईच्या स्वयंपाकघरातून मी पेणचा पोह्याचा पापड आणला, तो हातावर धरून सांगितलं, की हा कसा जपून न्यावा लागतो, मुंबईला पाहुण्यांकडे नेताना मी तो मांडीवर घेऊन बसते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, पापड तर शेवटी मोडायलाच असतो. धाकटा खो खो हसला. पुठ्ठ्यांच्या आडूनही हसल्याचा आवाज आला. मीही हसले, पण मनातून चिडले होते. सगळी नोकरी इंग्रजीत घालवून एका शब्दाने माझी पाटी कोरी केली होती.

थोरला पुन्हा बोलू लागला. देव काय, शक्ती काय, तो अगदी रंगात आला होता. इतक्यात वहिनी पाणी प्यायला उठली. माठ शेडच्या दुसऱ्या कडेला होता. आणि मी बघितलं, की बोलणं न थांबवता, तिच्याकडे न बघता, या माणसाने पायाने वाटेतली शिडी बाजूला सारली. पंख्याची वायर उचलून खिळ्याला अडकवली. वाटेत रंगाचं पाणी सांडलं होतं, त्यावर पेंढ्याची मूठ टाकली. ती माठापाशी पोचेपर्यंत वाट झाडल्यासारखी मोकळी झाली होती, आणि त्याचं देवावरचं भाषण चालूच.

मी विचारलं, "भइया, ये सीढ़ी आपने क्यों हटाई?"

तो गोंधळला. वाटेत होती, म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या वाटेत नव्हती. तेव्हा त्याने मान खाली घातली आणि हळूच सांगितलं, की अशा दिवसांत सांभाळावं लागतं.

"मतलब वो कमज़ोर है?"

हा प्रश्न त्याला बसला. त्याने आढ्याकडे बघितलं आणि आढ्यालाच उत्तर दिलं, "कमज़ोर? सबेरे से हम दोनों भाई खंभे के बहाने डाँट खा रहे हैं।"

"तो बस," मी म्हटलं. "फ्रॅजाइल मतलब कमज़ोर नहीं। जिसके लिए आप रास्ता साफ़ करते हैं, वो फ्रॅजाइल।"

तो पुन्हा पेंढ्याच्या भाऱ्यावर बसला. हातातली पट्टी उलटसुलट करून बघत होता. माठापाशी वहिनी भांडं हातात धरून तशीच उभी होती, पदराआडून ऐकत. शेवटी त्याने मान हलवली. पण पुरता हरायचा त्याचा स्वभाव नव्हता. तो म्हणाला, ठीक आहे, मात्र फ्रॅजाइल आहे तो डबा. भगवान आपल्या जागी आहेत.

मी ती दुरुस्ती मान्य केली. परीक्षेत एवढं उत्तर आलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते.

त्या संध्याकाळपासून पट्ट्या बिनचूक लागू लागल्या आणि शब्द शेडभर पसरला. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या मुली कुणाचा धक्का लागला की म्हणायच्या, लांब हो, मी फ्रॅजाइल हाय. भाऊजी दुपारी पडले आणि कुणी मोठ्याने बोललं, की आतून ताई सांगायची, शेठ फ्रॅजाइल हायत, हळू बोला. भाऊजींना हे आवडलं नाही, पण त्यांचं कोण ऐकतो. ट्रक आला त्या दिवशी त्याच्यावरचे हमाल नवखे होते. थोरल्याने त्यांना रांगेने उभं केलं आणि पट्टीवर बोट ठेवून अर्थ सांगितला. घरच्या बाईचा दाखला परक्या माणसांपुढे द्यायचा नव्हता, म्हणून त्याने एवढंच म्हटलं, की ज्याच्यासाठी वाट मोकळी करतात ते. हमालांनी ट्रकमधल्या दोऱ्या आणि फळ्या आधी बाजूला केल्या, मगच खोके उचलले. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या वर्गातला विद्यार्थी दुसऱ्यांना शिकवतोय हे मी शाळेतही बघितलं होतं, पण इतक्या मोठ्या आवाजात नाही.

माझे चार दिवस केव्हाच संपले होते. रोह्याला जायचं मी रोज उद्यावर ढकलत होते.

ट्रक गेल्यानंतरच्या आठवड्यात, सकाळचे पोहे होत असतानाच वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. धाकटा चिकटपट्टी आणायला पेणला गेलेला. भाऊजींनी गाडी काढली, ताई आणि मी तिच्या दोन बाजूंना बसलो. थोरला गाडीपुढे दोन्ही हात जोडून उभा, आणि मग एकदम बाजूला. अशा वेळी थोरल्या दिराने बरोबर यायचं नसतं, तो मागून एसटीने येणार होता.

वाटेत कळ आली की ती माझा हात आवळायची. पदर कधीच खांद्यावर आला होता. मी तिचा चेहरा नीट बघितला तो त्या दिवशी, गाडीत. विशीतली मुलगी, कपाळावर घाम, पण डोळे जागे. दोन कळांच्या मधे तिने मला विचारलं, "मैडम, दर्द को अंग्रेज़ी में क्या बोलते हैं?"

मी सांगितलं, पेन.

तिने खात्री करून घेतली. "और हम जा कहाँ रहे हैं?"

त्यांच्या बोलण्यात 'ण' नाही. पेणला ते पेनच म्हणतात. ताईच्या आधी भाऊजींना कळलं, आणि गाडी चालवता चालवता ते हसू लागले. मग ती स्वतः हसायला लागली, हसता हसता कळ आली, कळ ओसरली की पुन्हा हसू. "पेन में पेन," ती म्हणत होती. ताई म्हणाली, पोरीला हसवू नको, पोर गाडीतच व्हायची. आम्ही दवाखान्याच्या दारात उतरलो तेव्हा चौघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि शिपायाला वाटलं काहीतरी वाईट झालंय.

दुपार व्हायच्या आत मुलगी झाली. चांगली वजनदार, आवाज थेट मोठ्या काकाचा.

काका बाहेर झाडाखाली उभा होता. धाकटा पोचून आत गेला होता, हा मात्र पायरीही चढला नव्हता. मी दिसल्यावर त्याने आधी वहिनीचं विचारलं, ती ठीक आहे हे दोनदा वदवून घेतलं, मग पाहुणा कोण आलाय ते विचारलं. मी म्हटलं, लक्ष्मी आली. त्याने डोळे मिटले, गमछा तोंडावर दाबून धरला, आणि फाटकातून चालता झाला. मला काळजी वाटू लागली होती, तेवढ्यात तो पेढ्यांचे पुडे घेऊन परत आला. त्याने रिक्षावाल्यांना दिले, दुसऱ्यांच्या नातेवाइकांना दिले. ज्या शिपायाने मघाशी आम्हाला रडताना बघितलं होतं त्याला दोन दिले.

घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी भाऊजींची गाडी दुसरीकडे गेली होती, म्हणून थोरल्याने रिक्षा ठरवली. मी बाळाची दुपटी घेऊन बाहेर आले आणि जागीच थांबले. रिक्षाच्या पाठीवर, दोन्ही बाजूंना, पुढच्या काचेखाली लाल पट्ट्या. फ्रॅजाइल, फ्रॅजाइल, आणि मधे मधे बाण, सगळे वर. रिक्षावाला पेणचाच, जरा नाराज. रंग निघणार नाही ना, एवढंच त्याचं म्हणणं. थोरल्याने त्याला सांगितलं, की घरी पोचल्यावर एकेक पट्टी पाण्याने भिजवून काढून देईन.

वहिनी बाळाला घेऊन मधे, ताई आणि मी दोन बाजूंना, थोरला ड्रायव्हरशेजारी अर्धवट बसलेला, पाठ आमच्याकडे. धाकटा मागून सामान घेऊन मोटारसायकलवर. पेणच्या बाजारात नेहमीसारखी गर्दी होती. पण मागचे लोक हॉर्न वाजवायच्या आधी वाचत होते. एक मोटारसायकलवाला वाचून मागेच राहिला. कॉलेजच्या मुलींनी फोटो काढले. नाक्यावर ट्रॅफिकच्या हवालदाराने हात केला आणि रिक्षाभोवती एक फेरी मारून विचारलं, "काय हाय आत?"

"फ्रॅजाइल है साहब," थोरला म्हणाला.

हवालदाराने वाकून आत बघितलं. बाळ झोपलेलं होतं, मूठ गालाला लावून. त्याने ताईला विचारलं, मुलगी का, आणि ताईने मान हलवल्यावर तो रिक्षाच्या पुढे चालू लागला. कोपऱ्यापर्यंत एका हाताने टेम्पो थांबवत, दुसऱ्या हाताने हातगाड्या मागे सारत तो आमच्यापुढे चालला. रिक्षावाल्याची नाराजी तिथेच संपली. तिथून पुढे तो असा ताठ बसला, जणू पट्ट्या त्यानेच लावल्या होत्या. खराब रस्ता लागला की थोरला उतरायचा, पुढे चालत गमछ्याने चांगली बाजू दाखवायचा, आणि पुन्हा चढून बसायचा. जोह्याला पोचायला खूप वेळ लागला. बाळ जागं झालं नाही.

सहाव्या दिवशी त्यांची छठी शेडमध्येच केली. एका बाजूला मूर्ती सरकवून जागा केली, गावातल्या बायका आल्या. पुऱ्या आणि खीर त्यांच्याकडची, वालाचं बिरडं आणि भात आमच्याकडचा. पण वहिनी गप्प होती. ताईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, या दिवशी बायका सोहर, बाळ जन्मल्याची गाणी, गातात, आणि इथे आपल्या घरची बाई कुणीच नाही. ते थोरल्याने ऐकलं. तो पुठ्ठ्यांच्या चळतीपलीकडे गेला, आमच्याकडे पाठ करून बसला, आणि गाऊ लागला. बायकांचं गाणं, आईच्या तोंडून ऐकलेलं, त्या भल्यामोठ्या आवाजाला आवरून धरून अगदी हळू गायलेलं. धाकट्याने रिकाम्या ड्रमवर ठेका धरला. गाणं संपलं. मग आखणी करणाऱ्या मुलींमधल्या एकीने पाळणा म्हणायला सुरुवात केली, आणि तो आम्हा सगळ्यांना येत होता. वहिनीला शब्द कळत नव्हते, पण बाळाला डुलवत ती प्रत्येक कडव्याला मान हलवत होती.

त्यानंतर मी रोह्याला परत आले, पण दर आठवड्याला जोह्याला जायचं ठरूनच गेलं. आता वर्गाला भावांबरोबर वहिनीही बसते, बाळाला मांडीवर घेऊन. तिची एकच तक्रार असते, की शब्द कमी देता.

मागच्या खेपेला तिने नात्यांची नावं काढली. जेठ म्हणजे थोरला दीर, त्याला काय म्हणतात? मी सांगितलं, ब्रदर-इन-लॉ. देवर, धाकटा दीर? ब्रदर-इन-लॉ. बहिणीचा नवरा? तोही तोच. तिला ते पटेना. एवढी मोठी भाषा आणि नात्यांना एकच शब्द. थोरलाही चळतीपलीकडून म्हणाला, की हे बरं नाही, मोठा आणि छोटा एकाच मापात. कारण देवराशी वहिनी थट्टामस्करी करते, हवं ते बोलते, जेठाशी नाही. मी म्हटलं, इंग्रजीत तसा फरकच नाही.

तिने तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा घोळवला. मग उठली, बाळाला माझ्याकडे दिलं, चहाचा कप भरला. पदर होता तसाच होता. पण ती खांबाकडे वळली नाही. सरळ थोरल्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "ब्रदर-इन-लॉ, टी?"

शेडमध्ये सगळ्यांचे हात थांबले. धाकटा तोंडावर हात धरून बसला. थोरल्याने सवयीने आढ्याकडे बघितलं, मग मान खाली आणली आणि कपाकडे बघितलं.

"येस," तो म्हणाला, आणि कप घेतला. जरा थांबून त्याने आणखी एक शब्द जोडला. "शुगर?"

"टू," ती म्हणाली.

तो चहा प्यायला. माझ्या मांडीवर बाळाने हातपाय झाडायला सुरुवात केली, ताईने आतून मला जेवून जा म्हणून हाक मारली, आणि पेणची एसटी तेवढ्यात निघून गेली. मी पुढच्या गाडीने निघाले.